इंटिरिअरचा धंदा: खात्यातले पैसे आणि तुमचे पैसे



इंटिरिअर फर्मच्या प्लॅनिंगवरच्या व्हिडिओत आकडे पटापट जातात. म्हणून तेच सगळं इथे सावकाश लिहितोय. वही, पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. व्हिडिओ बघितला नसेल तरी काही अडणार नाही.

मी कोणत्या बाजूने बोलतोय ते आधी सांगतो. माझं पिंपरी-चिंचवडमध्ये प्लायवूड, लॅमिनेट आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मी डिझायनर नाही. कोणता रंग कुठे शोभेल, हे मला विचारू नका. पण इंटिरिअरवाले माझं रोजचं गिऱ्हाईक आहेत, आणि दुकानाच्या काउंटरवरून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. कोणाकडे काम आहे आणि कोणाकडे पैसे आहेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काम नाही म्हणून बंद पडलेली फर्म मी क्वचित पाहिली. चार-चार साइट जोरात चालू असताना बंद पडलेल्या मात्र बऱ्याच पाहिल्या.

असं का होतं? कारण या धंद्यात पैसे आधी येतात आणि खर्च नंतर होतो. क्लायंट ॲडव्हान्स देतो, खात्यात चार-पाच लाख दिसतात आणि माणसाला वाटतं आपलं बरं चाललंय. मग ऑफिसला नवीन एसी लागतो, गाडीचं डाउन पेमेंट होतं. तिकडे पहिल्या साइटच्या सुताराचा हिशोब द्यायची वेळ येते, तेव्हा दुसऱ्या साइटचा ॲडव्हान्स उचलला जातो. दुसरीसाठी तिसरीचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. नवीन साइट येत राहिल्या तोवर कोणाला काही कळत नाही. एक महिना नवीन काम आलं नाही की सगळ्या टोप्या एकदम खाली पडतात. आणि त्यात अडकतो कोण? एखादं कुटुंब, ज्याने फ्लॅटचा हप्ता चालू असताना तुम्हाला चार लाख दिलेत आणि ज्याच्या स्वयंपाकघरात अजून फक्त बॉक्स उभे आहेत.

म्हणून बिझनेस प्लॅन म्हटलं की मला ती रंगीत, स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल नकोय. मला चार-पाच हिशोब हवेत. ते जमले तर बँकेसाठीची फाइल त्यातूनच निघते.

तुम्ही नक्की काय विकताय?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण इथेच पहिला घोळ होतो. इंटिरिअरचं काम साधारण तीन पद्धतींनी चालतं. एक, फक्त डिझाइन. ड्रॉइंग, थ्रीडी, मटेरियलची यादी द्यायची आणि फी घ्यायची. काम क्लायंट स्वतः करून घेतो. दोन, डिझाइन अधिक देखरेख. मटेरियलचे आणि ठेकेदाराचे पैसे क्लायंट थेट देतो, तुम्ही साइटवर लक्ष ठेवता आणि ठरलेली फी किंवा टक्के घेता. तीन, टर्नकी. सगळं तुमच्या अंगावर, चावी घ्यायची आणि तयार घर द्यायचं.

पहिल्या दोन पद्धतींत पैसे कमी दिसतात, पण जोखीमही कमी. टर्नकीत रक्कम मोठी दिसते, पण त्यातली बहुतेक रक्कम तुमच्या हातातून फक्त पुढे जाते. आठ लाखांचं काम घेतलं म्हणजे तुम्ही आठ लाख कमावले नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बोलताना तोंडातून ‘यंदा पन्नास लाखांचं काम केलं’ असंच निघतं.

नवीन असाल तर माझं मत ऐका: पहिल्या वर्षी दुसऱ्या पद्धतीची निदान दोन कामं करा. मटेरियलचे भाव, मजुरीचे दर, वाया जाणारं प्लाय, हे सगळं दुसऱ्याच्या पैशावर शिकायला मिळतं, तेही क्लायंटला अंधारात न ठेवता.

बरेच जण तरीही टर्नकीकडेच जाणार, कारण क्लायंटला तेच हवं असतं. म्हणून पुढचा सगळा हिशोब टर्नकीचा.

वर्षाला किती साइट लागतात?

एक उदाहरण धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील. तिथे तुमचे आकडे घाला. समजा दोन मैत्रिणींनी फर्म काढली. एक डिझाइन बघते, दुसरी साइट आणि क्लायंट. मोशी, रावेत, वाकड या भागातले नवीन टू बीएचके हे त्यांचं मुख्य काम.

दर महिन्याचा ठरलेला खर्च असा: ऑफिसचं भाडं १५,००० रुपये, साइट सुपरवायझर २२,०००, ड्रॉइंग करणारी ज्युनिअर मुलगी १८,०००, पेट्रोल आणि फोन १०,०००, सॉफ्टवेअर, नेट, प्रिंट ५,०००, सीए आणि किरकोळ ५,०००. आणि दोघींचा स्वतःचा पगार प्रत्येकी ३५,०००, म्हणजे ७०,०००. एकूण १,४५,००० रुपये. वर्षाला १७,४०,०००.

स्वतःचा पगार खर्चात का धरला? नफ्यातून घेऊ की, असं बरेच जण म्हणतात. नाही. तुम्ही घरी बसून हे काम करणार नाही आहात. घरचं राशन, मुलांची फी दर महिन्याला लागते. पगार प्लॅनमध्ये लिहिला नाही तर तो क्लायंटच्या ॲडव्हान्समधून जातो, आणि किती गेला हे कुठेच दिसत नाही.

आता एक साइट बघू. टर्नकी काम ८,००,००० रुपये, अधिक जीएसटी. त्यात प्लाय, लॅमिनेट, हार्डवेअर ३,२०,०००. सुतारकामाची मजुरी १,५०,०००. फॉल्स सीलिंग, वायरिंग, रंग १,२०,०००. टेम्पो, हमाली, राडारोडा उचलणं, साफसफाई आणि इतर ५०,०००. एकूण ६,४०,०००. राहिले १,६०,०००.

हे १,६०,००० पूर्ण हातात येत नाहीत. एखादं लॅमिनेट चुकीच्या शेडचं कापलं जातं, ड्रॉवर परत करावा लागतो, काच फुटते. यासाठी कामाच्या ३ टक्के, म्हणजे २४,००० बाजूला ठेवा. राहिले १,३६,०००.

१७,४०,००० भागिले १,३६,०००. उत्तर १२.८, म्हणजे १३ साइट. वर्षाला १३ घरं दिली तर फक्त खर्च आणि पगार निघतो. फर्मकडे शिल्लक जवळपास काहीच नाही.

बरं, १३ साइट होऊ शकतात का? एक सुपरवायझर एका वेळी तीन साइट नीट बघू शकतो. चौथी दिली की त्याचा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो. सुतारकाम सुरू झाल्यापासून घर देईपर्यंत अडीच महिने धरू. वर्ष १२ महिन्यांचं असलं तरी सण, सुट्ट्या आणि गावी गेलेले कारागीर धरून साइटला १०च महिने मिळतात. म्हणजे चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन साइट. एकूण १२.

लागतात १३, होतात १२. फर्मचं उद्घाटन व्हायच्या आधीच वहीवर दिसलं की सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी पैसे कमी पडणार आहेत. हे वहीवर कळलं तर एक संध्याकाळ जाते. दीड वर्षानंतर कळलं तर काय काय जातं ते मी काउंटरवरून बघतो.

मग काय करायचं? पहिलं उत्तर सगळे देतात: साइट वाढवू, अजून एक सुपरवायझर ठेवू. त्याने खर्चही वाढतो आणि पहिल्या तीन महिन्यांत नवीन माणसाकडून चुकाही जास्त होतात. दुसरं उत्तर, खर्च कमी करा. ऑफिस पहिल्या वर्षी घरातल्या एका खोलीत चालतं. मीटिंग क्लायंटच्या फ्लॅटवर किंवा मटेरियलच्या दुकानात होते. माझ्या दुकानात टेबल-खुर्च्या त्यासाठीच आहेत. तिसरं, बॉक्स आणि शटर साइटवर न कापता पॅनल सॉ आणि एज बँडिंगचं जॉबवर्क करणाऱ्याकडून कापून आणा. साइटचे दिवस कमी होतात, फेऱ्या वाढतात. फक्त मापं शंभर टक्के बरोबर लागतात.

पण सगळ्यात मोठा फरक चौथ्या उपायाने पडतो. डिझाइनची फी वेगळी घ्या. ‘काम आम्हाला दिलंत तर डिझाइन फ्री’ हे वाक्य तुमच्या बोलण्यातून काढून टाका. याच उदाहरणात प्रत्येक साइटला ४०,००० रुपये डिझाइन फी घेतली तर एका साइटमागे १,७६,००० राहतात. १७,४०,००० भागिले १,७६,००० म्हणजे १० साइटमध्ये खर्च आणि पगार निघतो. १२ केल्या तर ३,७२,००० रुपये फर्मकडे उरतात. तेच काम, तीच माणसं.

क्लायंट फी देईल का? काही देणार नाहीत. जो चार वेळा थ्रीडी बदलून घेतो आणि मग तेच ड्रॉइंग स्वस्त ठेकेदाराकडे घेऊन जातो, तो नक्कीच देणार नाही. तो गेलेलाच बरा.

हप्ते कसे बांधायचे

बरेच जण चार समान हप्ते घेतात. २५, २५, २५, २५. बोलायला सोपं, चालवायला अवघड. कारण खर्च समान येत नाही. आपल्या ८ लाखांच्या साइटवर पहिल्या तीन आठवड्यांत प्लाय, चॅनल, बिजागऱ्या, फेव्हिकॉल मिळून २,००,००० जातात. सुतारांची दर शनिवारची खर्ची ४५,०००. सीलिंग आणि वायरिंगचं सामान ६०,०००. झाले ३,०५,०००. पहिला हप्ता २५ टक्के घेतला असेल तर हातात आले २,००,०००. खड्डा १,०५,०००. तीन साइट बरोबर सुरू केल्या तर खड्डा ३,१५,०००. हा खड्डा कोण भरतं? दुकानदाराची उधारी. म्हणजे मीच. आणि मी काही समाजसेवा करत नाही. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव प्रत्येक दुकानात वेगळा असतो, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

त्यापेक्षा हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा. काम सुरू करताना ४० टक्के, म्हणजे ३,२०,०००. सगळे बॉक्स उभे राहिले की ३५ टक्के, २,८०,०००. शटर, हँडल आणि किचनच्या ट्रॉल्या बसवायच्या आधी २० टक्के, १,६०,०००. शेवटी ५ टक्के, ४०,०००. डिझाइन फी याच्या आधीच, ड्रॉइंग हातात द्यायच्या वेळी.

टप्पा असा लिहा की क्लायंटला डोळ्यांनी दिसला पाहिजे. ‘५० टक्के काम झाल्यावर’ असं लिहिलंत तर ५० टक्के कधी झालं यावरच भांडण होतं. ‘तिन्ही खोल्यांतले वॉर्डरोबचे बॉक्स आणि किचनचे बॉक्स उभे झाल्यावर’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

शेवटचा हप्ता लहान का? बघा, एका साइटवर काम करून तुमच्याकडे राहणार १,३६,०००. शेवटचा हप्ता २५ टक्के, म्हणजे २,००,००० ठेवला तर तुमचा सगळा नफा, वर थोडी पदरची भर, ही शेवटच्या दिवशीच्या क्लायंटच्या मूडवर अवलंबून. तो म्हणतो, बेडरूमच्या शटरला ओरखडा आहे, पूजा झाली की देतो. मग पूजा होते, पाहुणे येतात, शाळा सुरू होते. ४०,००० अडकले तर त्रास होतो, पण फर्म उभी राहते.

हे पाच टक्केही सुटावेत म्हणून एक पद्धत लावून घ्या. काम संपत आलं की क्लायंटबरोबर घरभर फिरा आणि बारीकसारीक राहिलेल्या गोष्टींची एकच यादी करा. दोघांच्या सह्या किंवा व्हॉट्सॲपवर फोटोसह ‘हीच अंतिम यादी’ असा मेसेज. सात दिवसांत ती पूर्ण करा आणि पैसे मागा. नंतर निघालेलं काम करूच नका असं नाही, पण ते सर्व्हिसमध्ये करा, हप्त्याशी जोडू नका.

वाढीव कामाचंही तसंच. ‘एवढं एक शेल्फ टाकून द्या ना’ हे प्रत्येक घरात होतं. आधी भाव लिहून पाठवा, हो आलं की काम करा. शेवटी एकदम ६०,००० रुपयांचं एक्स्ट्रा बिल काढलंत तर क्लायंटला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वाटलं असतं.

महिन्यातून एकदा करायचा हिशोब

या लेखातलं एवढं एकच केलंत तरी चालेल. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी हा हिशोब मांडा. एक्सेल येत नसेल तर वही पुरते.

समजा तीन साइट चालू आहेत, प्रत्येकी ८ लाखांच्या. सगळे आकडे जीएसटी सोडून. पहिली संपत आलीय: ७,६०,००० आले, ४०,००० यायचेत, काम पूर्ण करायला अजून ५०,००० खर्च आहे. दुसरी मध्यावर: ६,००,००० आले, २,००,००० यायचेत, अजून खर्च ३,००,०००. तिसरी आत्ताच सुरू झाली: ३,२०,००० आले, ४,८०,००० यायचेत, अजून खर्च ६,१०,०००. बँकेत आज ४,५०,००० आहेत. प्लायवाल्याची आणि रंगाऱ्याची मागची देणी १,१०,०००. भरायचा जीएसटी ६०,०००.

आता बघा. बँकेतले ४,५०,००० अधिक तिन्ही साइटवरून यायचे ७,२०,०००, म्हणजे ११,७०,०००. त्यातून वजा: कामं पूर्ण करायचा खर्च ९,६०,०००. देणी १,१०,०००. जीएसटी ६०,०००. राहिले ४०,०००.

खात्यात साडेचार लाख आहेत आणि त्यातले तुमचे चाळीस हजार आहेत. आणि महिन्याचा ठरलेला खर्च १,४५,००० आहे. म्हणजे या महिन्यात नवीन काम आलं नाही, तर पुढचा पगार कोणाच्या तरी ट्रॉल्यांच्या आणि लॅमिनेटच्या पैशातून जाणार. हा आकडा बघून कोणी एसी घेत नाही.

यात सगळ्यात नाजूक आकडा कोणता? ‘काम पूर्ण करायला अजून किती खर्च आहे’ हा. तो अंदाजे टाकू नका. सुपरवायझरला साइटवर उभं करून विचारा: किती शीट अजून लागतील, सुताराचा किती हिशोब बाकी, सीलिंगवाल्याचा किती. ८ बाय ४ ची शीट म्हणजे ३२ चौरस फूट, पण ३२ च्या ३२ कामाला येत नाहीत. तुकडे पडतात. पहिल्या दोन साइटवर मागवलेल्या शीट आणि प्रत्यक्ष बसलेलं क्षेत्रफळ लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या सुतारांची खरी वाया जाण्याची टक्केवारी मिळते. ती कोणत्याही व्हिडिओत मिळणार नाही, माझ्यासुद्धा.

निकाल शून्याच्या खाली आला तर? नवीन साइट घ्यायची घाई करू नका, उलट. पहिली साइट संपवा, यायचे आहेत ते पैसे गोळा करा, दुकानदाराला स्वतः फोन करून तारीख सांगा. जो माणूस फोन उचलतो त्याला दुकानदार थांबून घेतो.

कमिशनबद्दल, दुकानदाराच्या तोंडून

हा विषय कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. प्लाय, टाइल्स, लाइट, पडदे, बऱ्याच दुकानांत डिझायनरला टक्के मिळतात. ते पैसे हवेतून येत नाहीत. ते क्लायंटच्या बिलातच असतात.

टर्नकीमध्ये तुम्ही स्वतः माल घेता, तेव्हा कमिशन मागूच नका. तेवढा भाव बिलात कमी करून घ्या. तुमचा खर्च कमी होतो, हिशोब स्वच्छ राहतो. पण देखरेखीच्या कामात, जिथे क्लायंट स्वतः दुकानात पैसे देतो आणि तुम्हाला फीही देतो, तिथे मागच्या दाराने टक्के घेणं म्हणजे दोन्हीकडून घेणं. क्लायंटला ते कधी ना कधी कळतं, कारण तो दुसऱ्या दुकानात भाव विचारतो. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा नाव खराब झालं की त्या सोसायटीत तुम्हाला पुन्हा काम नाही. आणि नवीन सोसायटीत दोनशे फ्लॅट असतात.

कोटेशनमध्येही हीच गोष्ट. ‘चांगल्या क्वालिटीचं प्लाय’ असं लिहू नका. किचन आणि ओल्या जागांसाठी आयएस ७१० चं, बाकी कोरड्या जागी आयएस ३०३ चं, जाडी किती, बाहेरून १ एमएम लॅमिनेट, आतून ०.८, बिजागरी कोणत्या कंपनीची, सॉफ्ट क्लोज की साधी. क्लायंट तुमची तुलना लिव्हस्पेस, होमलेन यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांशी करतोच. भावात त्यांच्याशी भिडण्यापेक्षा कागद नीट लिहा. आणि त्यांच्या फॅक्टरीतून न येणारी गोष्ट तुमच्याकडे आहे: तीन वर्षांनी ट्रॉली अडकली तर तुम्ही पुढच्या चौकातून येणार आहात.

कराचं, थोडक्यात

सीएचं काम सीएला करू द्या, पण प्लॅनपुरतं एवढं माहीत हवं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ८ लाखांची साइट असेल तर तिसऱ्या साइटलाच तुम्ही तिथे पोचता. इंटिरिअरच्या कामाला दर १८ टक्के. सेवेच्या कामात ॲडव्हान्स हातात आला की त्यावरचा कर तेव्हाच लागू होतो, काम संपायची वाट बघत नाही. ३,२०,००० च्या पहिल्या हप्त्याबरोबर ५७,६०० जीएसटी येतो. ते ३,७७,६०० एकत्र खात्यात दिसतात आणि तिथेच गडबड होते. करासाठी दुसरं बँक खातं उघडा आणि त्याच दिवशी ती रक्कम तिकडे टाका. माल बिलाने घेतला असेल तर त्यावरच्या कराची वजावट मिळते; बिनबिलाच्या मालावर नाही. सुतारांची मजुरी बहुतेक वेळा नोंदणी नसलेल्या माणसांकडून असते, तिथेही वजावट नाही. ५० लाखांपर्यंतच्या सेवांसाठी ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, पण त्यात क्लायंटकडून कर वेगळा घेता येत नाही आणि मालावरची वजावटही जाते. टर्नकीवाल्यांनी दोन्ही बाजूंचा हिशोब करूनच ठरवावं.

फक्त डिझाइन फी घेणाऱ्यांसाठी इन्कम टॅक्समध्ये एक सोय आहे. इंटिरिअर डेकोरेशन हा ठरवलेल्या व्यवसायांच्या यादीत आहे. वर्षाची फी ५० लाखांपर्यंत असेल, किंवा रोख ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. टर्नकीचं काम त्यात बसत नाही. म्हणून फीचं बिल आणि कामाचं बिल वेगळं ठेवा.

ऑफिस किंवा क्लिनिकची कामं घेणार असाल तर उद्यम नोंदणी आधी करून घ्या. मोफत आहे, ऑनलाइन होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. कंपनी टीडीएस कापून पैसे देते, हेही हप्त्यांच्या गणितात धरा. ते पैसे बुडत नाहीत, पण रिटर्न भरेपर्यंत हातात नसतात.

कॅलेंडर मागून मोजा

आपल्याकडे घर पाहिजे असतं ते पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, दसऱ्याला नाहीतर दिवाळीला. पितृपक्षात गृहप्रवेश नाही, त्यामुळे गणपतीपर्यंत ज्याचं झालं नाही तो थेट दसरा मागतो. आणि सगळ्यांना एकच दिवस हवा असतो.

दसऱ्याला घर द्यायचं असेल तर अडीच महिने मागे जा: सुतारकाम जुलैच्या शेवटी सुरू झालं पाहिजे. डिझाइन जुलैच्या मध्याला पक्कं. म्हणजे क्लायंट तुमच्याकडे जूनमध्ये आला पाहिजे. ऑगस्टच्या पंधरा तारखेला आलेल्या माणसाला दसरा कबूल करू नका, दिवाळी सांगा. त्यातून पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल असते, पॉलिश वाळायला वेळ लागतो, उघड्यावर ठेवलेलं प्लाय फुगतं. पॉलिशचं काम जास्त असलेली साइट पावसाळ्यात शेवटाला येणार नाही असं बघा.

सुतार बरेचसे राजस्थान, उत्तर प्रदेशकडचे. होळीला, दिवाळीला आणि लग्नसराईत गावी जातात. छठ करणारे दिवाळीनंतरही काही दिवस येत नाहीत. जाताना उचल मागतात. ती किती द्यायची हे आधी ठरवा, आणि ज्या साइटचं त्यांचं काम झालंय त्याच साइटच्या हिशोबातून द्या. सोसायटीचे नियमही कोटेशन देण्याआधी विचारून घ्या: कामाची वेळ, दुपारी ठोकाठोक चालते का, रविवारी परवानगी आहे का, लिफ्टने माल नेता येतो का, डिपॉझिट किती. रविवार बंद असेल तर अडीच महिन्यांतले दहा-अकरा दिवस तिथेच गेले.

मापं घेण्यापासून शीटची यादी काढेपर्यंतचा भाग पुढच्या व्हिडिओत आहे. तोपर्यंत वरचा रविवारचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी एकदा मांडून बघा. भागीदारी असेल तर दोघांनी समोरासमोर बसून.